अधिक महिना

हुशार मुलांच्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "एवढं अवघड येतं, मग एवढंसं का जमत नाही?" बोलणारा कधी बाप असतो, कधी वर्गशिक्षिका, कधी सुट्टीत राहायला आलेली आत्या. वाक्याची सुरुवात कौतुकाची असते आणि संपेपर्यंत त्याला धार चढलेली असते. मागोमाग ठरलेली पुस्ती येते: मुद्दाम करतो, लक्षच नाही, मनावर घेतलं तर काय अशक्य आहे. माझ्या ताईच्या मुलाने हे इतक्या तोंडून ऐकलंय की आता तो स्वतःलाच तसं विचारतो. आवाजात रडगाणं नसतं. त्याला खरंच उत्तर हवं असतं. मलाही हवं होतं. त्या उत्तराच्या शोधात मी जे वाचलं आणि जे जवळून पाहिलं, ते मनात इतकं साठून राहिलंय की आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

तो सहा वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुद्धिमापन चाचणीचा अहवाल ताईपुढे ठेवला. त्यातला आलेख अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. शब्दांतून विचार करण्याचा ठिपका कागदाच्या वरच्या कडेला टेकलेला. आकृत्यांमधलं नातं ओळखण्याचा ठिपका त्याच्या शेजारीच. तिथून रेघ एकदम घसरलेली. ऐकलेलं मनात धरून त्यावर काम करण्याचा ठिपका मधेच कुठेतरी, आणि साधं काम झरझर उरकण्याच्या वेगाचा पार खाली. ताई त्या रेघेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती. "या सगळ्याची सरासरी काढून मी एक आकडा सांगू शकते," बाई म्हणाल्या, "पण त्या आकड्याचा मुलगा तुमच्या घरात राहत नाही." त्या दिवशी कुणी आम्हाला धीर दिला असेल तर तो या वाक्याने.

घरात राहणारा मुलगा कोण, हे हळूहळू कळत गेलं. त्याला वेड लागलं पंचांगाचं. आजीच्या देवघराशेजारी खुंटीला अडकवलेलं दाते पंचांग त्याने एकदा हातात घेतलं ते खाली ठेवलंच नाही. राशिभविष्य, मुहूर्त यांत त्याला रस नव्हता. त्याला हवे होते ते बारीक टाइपातले तासमिनिटांचे रकाने. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. पण चंद्राची चाल सारखी नसल्यामुळे एखादी तिथी वीसेक तासांत संपते, तर एखादी सव्वीस तासांच्याही पुढे जाते. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. मग जी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आत संपते, तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. तिचा क्षय होतो. आणि जी दोन सूर्योदय पाहते तिची वृद्धी. हे सगळं त्याने मला समजावलं तेव्हा तो चौथीत होता. नागपूरला सूर्य मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी उगवतो, म्हणून एकाच दिवशी दोन्ही गावांत वेगवेगळी तिथी असू शकते, हे सांगताना तो टाचा उचलून उड्या मारत होता आणि दोन्ही हात खांद्यांशी फडफडत होते. ज्याने मुलाचा आनंद असा अख्ख्या अंगातून वाहताना पाहिला आहे, त्याला सुख म्हणजे काय ते कुणी वेगळं समजावून सांगायला नको.

२०२३ साली श्रावण अधिक होता. धोंड्याचा महिना म्हणून आजीने जावयाला वाण द्यायला अनारसे केले. ओट्यावर परात, परातीत ३३ अनारसे, खसखशीच्या अंगाचे, तुपात निथळलेले. तो शेजारी उभा राहून मोजत होता. "आजी, तेहतीस का?" आजी म्हणाली, "तेहतीस महिन्यांनी अधिक येतो ना, म्हणून." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात. म्हणजे सरासरी साडेबत्तीस महिन्यांच्या जरासं वर. एक अनारसा अर्धा करायला हवा." आजीने त्याच्याकडे पाहिलं, परातीतला एक अनारसा उचलला, त्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्या हातात ठेवला. त्या माउलीने पंचांग आणि नातू, दोघांचाही मान राखला.

त्याच वर्षीची, त्याच मुलाची, शाळेच्या दिवसातली एक सकाळ. सात वाजता ताई म्हणते, "आवर आता." तो बाथरूममध्ये जातो आणि वीस मिनिटांनी तसाच बाहेर येतो, कारण ब्रश हातात घेतल्यावर टूथपेस्टच्या ट्यूबवरचा मजकूर वाचायला लागला. कपडे चढतात, पण एक मोजा हातात घेऊन तो पलंगावर बसून राहतो. दप्तर भरायचं तर आज कोणता वार, कोणते तास, कोणत्या वह्या, त्यांतल्या कोणत्या घरी आणि कोणत्या शाळेत, एवढं सगळं एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. ते धरता धरता डब्याची आठवण गळून पडते. डब्याची आठवण केली की वह्या गळतात. रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतात. त्याचे डोळे भरून येतात. पुढच्या बारा वर्षांतले अधिक महिने न चुकता सांगणारा मुलगा डबा ओट्यावर विसरून शाळेत जातो.

असं का होतं, त्याचं उत्तर मानसशास्त्राकडे आहे, निदान उत्तराचा मोठा भाग तरी आहे. ज्ञान मिळवणं, संबंध ओळखणं, आठवणं ही एक क्षमता झाली. काम सुरू करणं, क्रम लावणं, हातातलं सोडून दुसऱ्याकडे वळणं, मोह आवरणं, चार गोष्टी एकाच वेळी मनात धरणं ही वेगळी. हिला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात, मराठीत कार्यकारी क्षमता. मेंदूच्या कपाळामागच्या भागाचा यात मोठा वाटा असतो. पहिली क्षमता सांगते काय करायचं. दुसरी ते हातून घडवते. दोन्ही एकत्रच वाढतात असं आपण गृहीत धरतो, कारण बहुतेक मुलांत त्या थोड्याफार मागेपुढे वाढताना दिसतात. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांत हे गृहीत मोडतं, आणि मूल जितकं तल्लख तितका तो मोड डोळ्यांत खुपतो.

ही क्षमता मोजणाऱ्या एका जुन्या चाचणीत मी फार गुंतले. विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट तिचं नाव, १९४८ सालची. समोर चार पत्ते मांडलेले असतात: एक लाल त्रिकोण, दोन हिरव्या चांदण्या, तीन पिवळ्या फुल्या, चार निळी वर्तुळं. हातातला प्रत्येक पत्ता त्यांपैकी एकाखाली ठेवायचा. रंगानुसार, आकारानुसार की संख्येनुसार, ते सांगत नाहीत. परीक्षक फक्त "बरोबर" किंवा "चूक" म्हणतो. चारदोन पत्त्यांत नियम सापडतो. सलग दहा पत्ते बरोबर आले की परीक्षक अवाक्षर न काढता नियम बदलतो. आतापर्यंत "बरोबर" असलेलं अचानक "चूक" होतं. बहुतेक माणसं थोडी चाचपडतात आणि नवा नियम पकडतात. ऑटिझम असलेल्या मुलांत जुन्या नियमाला धरून राहण्याचं प्रमाण जास्त असतं.

हे वाचताना मला शाळेचा दिवस दिसत होता. आज पीटीचा तास नाही, पाहुणे आलेत, सगळे हॉलमध्ये चला. आज बाई रजेवर आहेत, तुकड्या एकत्र बसा. कालपर्यंत पेन्सिल चालत होती, आजपासून पेन. नियम बदलल्याचं कुणी सांगत नाही, फक्त "चूक" ऐकू येतं. पण या चाचणीची पुढची गोष्ट जास्त मोलाची आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सॅली ओझोनॉफ यांनी १९९५च्या सुमारास हीच चाचणी संगणकावरही घेऊन पाहिली. पत्ते तेच, नियम तेच, फक्त समोर माणसाऐवजी पडदा. ऑटिझम असलेल्या मुलांची अडचण तिथे कमी झाली. म्हणजे ती सगळीच्या सगळी मुलाच्या डोक्यात नव्हती. समोरच्या माणसाचा चेहरा, त्याचा सूर, त्याच्या मनातलं ओळखण्याची धडपड, या सगळ्याचा भार त्या पत्त्यांवर येऊन बसत होता. भार उतरला की तोच मेंदू बराच मोकळा चालतो. आमच्या घरात या निष्कर्षाने बरंच काही बदललं. ताईने सकाळी आवाज चढवणं थांबवलं आणि "आवर" या एका शब्दात दडलेल्या पायऱ्या कागदावर लिहून बाथरूमच्या दाराला चिकटवल्या. तो कागद त्याच्याशी न रागावता, न थकता, रोज एकच गोष्ट एकाच सुरात बोलतो.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बेलिन-ब्लँक सेंटर नावाची संस्था असाधारण बुद्धीच्या मुलांचा अभ्यास करते. तिथल्या सुसान असोलिन, मेगन फोली-निकपॉन यांनी ज्यांच्यात प्रज्ञाही आहे आणि ऑटिझमही, अशा मुलांवर बरंच काम केलं आहे. त्यांच्या मांडणीत ताईच्या हातातल्या कागदावरची ती रेघ मला पुन्हा भेटली: तर्क उंचावर, कामाचा वेग खोलात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ऑटिझम असून बुद्ध्यांक चांगला असलेल्या मुलांत तो बुद्ध्यांक आणि रोजचं जगणं निभावण्याची कौशल्यं यांच्यातलं अंतर मोठं असतं. बुद्धी ही दरी आपोआप बुजवत नाही, उलट दरीच्या काठावर रंगीत पडदा सोडते. प्रज्ञेच्या चमकेत अडचण दिसत नाही, आणि अडचणीच्या गोंधळात प्रज्ञा दिसत नाही. पुष्कळदा तर दोन्ही एकमेकांना इतकं झाकतात की वर्गाला दिसतो फक्त एक मध्यम, विसराळू, हट्टी मुलगा.

सहावीत मराठीच्या पेपरात निबंध होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'. त्याने शीर्षक लिहिलं आणि पुढचं पान कोरं ठेवलं. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "कोणता दिवस ते दिलंच नव्हतं." मृग लागलं तो दिवस की आषाढी एकादशी? पुण्यातला की कोकणातला? त्या एका ओळीत त्याला शेकडो दिवस दिसत होते, प्रत्येकाची तिथी, प्रत्येकाचा वार. त्यांतला एक उचलून बाकीचे सोडून देणं ही त्याच्यासाठी खरी परीक्षा होती, आणि ती देता देता वेळ संपला. पुढच्या वर्षी नव्या बाई आल्या. त्यांनी सगळ्या वर्गासाठी फळ्यावर चार प्रश्न लिहिले: कोणती तारीख, कुठे होतात, सोबत कोण होतं, पाऊस केव्हा थांबला? या मुलाने २२ जुलै २००९च्या सकाळवर लिहिलं. त्याच्या जन्माआधीची सकाळ. आषाढ अमावास्येचं खग्रास सूर्यग्रहण अनेक ठिकाणी पावसाळी ढगांनी झाकून टाकलं, आणि आकाशाकडे बघत बसलेल्या माणसांना फक्त दाटून आलेला अंधार मिळाला. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. ते लिहिण्याची ताकद सहावीतही त्याच्यात होतीच. त्याला हवे होते चार प्रश्न.

पण रोज असे चार प्रश्न कोण देणार? न मिळालेल्या दिवसांची किंमत तो घरी येऊन मोजतो. शाळेत तो शांत असतो. इतर हसले की हसतो, कुणी डोळ्यांत पाहून बोललं की पाहण्याचा प्रयत्न करतो, हात फडफडू नयेत म्हणून मांडीखाली दाबून बसतो. याला मास्किंग म्हणतात. तल्लख मुलांना ते जास्त साधतं, कारण लोक कसे वागतात याचा ती बारकाईने अभ्यास करतात. मुलींना तर इतकं साधतं की त्यांचं निदानच अनेकदा फार उशिरा होतं. घराचं दार लागलं की तो दप्तर टाकून पडद्यामागच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, आणि कधी कधी एका साध्या "काय रे, कसा गेला दिवस?" या प्रश्नाने कोसळतो. "शाळेत तर अगदी गुणी असतो, घरीच नाटकं का?" असं एका बैठकीत ताईला ऐकवण्यात आलं. घर ही त्याची एकमेव जागा आहे जिथे कोसळलं तरी चालतं. म्हणून तो घरी कोसळतो.

ऑटिझम असलेल्या मुलांत चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि बुद्धी त्यातून सुटका करत नाही. कधी कधी ती त्रास वाढवते. आपण वेगळे आहोत हे अशा मुलाला लवकर कळतं, बाकीच्यांच्या ते लक्षात आलंय हेही कळतं, आणि काय केलं म्हणजे हे थांबेल ते मात्र कळत नाही. डॅमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडलं की न समजण्याचा दोष एकतर्फी नसतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचणं अवघड जातं हे खरं, पण इतरांनाही त्याचं मन वाचता येत नाही; फक्त या दुसऱ्या न वाचता येण्याची चाचणी सहसा कुणी घेत नाही. मला हे अगदी पटतं. वर्गातल्या चाळीस मुलांशी जुळवून घ्यायला आपण या एकाला शिकवतो. चाळिसांना याच्याकडे एक पाऊल यायला शिकवणं तेवढंच शक्य आहे आणि तेवढंच गरजेचं आहे.

त्याच्या स्वास्थ्याची मुळं कुठे आहेत हे शोधायला आम्हाला लांब जावं लागलं नाही. ती पंचांगात आहेत. डायना मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मोनोट्रॉपिझम या नावाने एक विचार मांडला: ऑटिस्टिक मन आपलं लक्ष पुष्कळ ठिकाणी थोडं थोडं वाटत नाही, एकाच ठिकाणी सगळं ओततं. त्यामुळे तिथून उचलून दुसरीकडे नेलं की धक्का बसतो. पण तिथे असताना जी तल्लीनता लाभते, ती आपल्यासारख्यांना क्वचित मिळते. मूल नीट वागत नाही म्हणून हीच गोष्ट काढून घ्यायचा सल्ला आम्हालाही मिळाला. "गृहपाठ पूर्ण झाल्याशिवाय पंचांग द्यायचं नाही." ताईने तो सल्ला शांतपणे ऐकला आणि पाळला नाही. दिवसभर परक्या नियमांत श्वास रोखून आलेल्या मुलाचा श्वास म्हणजे ते पान. श्वास बक्षीस म्हणून देत नाहीत.

इथे मला स्वतः ऑटिस्टिक असलेल्या टेंपल ग्रँडिन आठवतात. १९४७ साली बॉस्टनमध्ये जन्म, साडेतीन वर्षांपर्यंत बोलणं नाही, चिडवणाऱ्या मुलीला पुस्तक फेकून मारलं म्हणून शाळेतून काढलेलं. पुढे त्या न्यू हॅम्पशायरमधल्या एका निवासी शाळेत गेल्या. ॲरिझोनात मावशीच्या गुरांच्या फार्मवर त्यांनी एक पिंजरा पाहिला. लस टोचताना गाईला दोन्ही बाजूंच्या फळ्यांमध्ये हलकेच दाबून धरतात आणि बिथरलेली गाय निवते. आपल्यालाही तसंच हवंय असं या मुलीला वाटलं, आणि तिने स्वतःसाठी तसं दाबयंत्र बनवलं. भोवतालच्या मोठ्यांना ते विकृत वाटलं, काढून टाकावंसं वाटलं. विल्यम कार्लॉक नावाच्या विज्ञानशिक्षकाने वेगळं केलं. ते म्हणाले, याने शांत वाटतं ना, मग का वाटतं ते शोध. त्यासाठी वाचायला लाग. ती मुलगी वाचायला लागली, पशुविज्ञानात डॉक्टरेटपर्यंत पोचली आणि कोलोराडो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाली. गुरांना न भेदरवता हाताळण्याच्या त्यांच्या रचना आज उत्तर अमेरिकेत सर्वदूर वापरात आहेत. कार्लॉक सरांनी तिचा ध्यास मोडला नाही, त्याचंच दार केलं. शिक्षकाने याहून मोठं काही करायचं असतं असं मला वाटत नाही.

आपल्या महाराष्ट्राला बुद्धीची कदर नवी नाही. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा वेगळा विचार करायला. स्कॉलरशिप, ऑलिंपियाड, होमी भाभा परीक्षा यांसाठी घरोघरी सकाळी पाचला दिवे लागतात. दुसरीकडे ऑटिझमसाठी मनापासून झटणाऱ्या संस्थाही उभ्या राहिल्या: मुंबईत २००१ सालापासून काम करणारी उम्मीद, पुण्यातलं प्रसन्न ऑटिझम सेंटर, आणि आईबापांचे अनेक गट. दोन्ही दारं उघडी आहेत, पण ती वेगवेगळ्या गल्ल्यांत आहेत. ज्याला दोन्ही लागतात तो मधल्या रस्त्यावर उभा राहतो. हुशार मुलांच्या वर्गात त्याला म्हणतात, हा शिस्तीत बसत नाही. मदतीच्या रांगेत म्हणतात, याला कसली मदत, हा तर पुस्तक वाचून दाखवतो.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत ऑटिझमला स्थान दिलं. २०१८च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवलं की ज्यांना लेखनिकाची मुभा आहे त्यांना परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत, लेखनिक न घेताही. कागदपत्रांची चवड घेऊन ताई एका कार्यालयात गेली तेव्हा टेबलामागचे गृहस्थ गुणपत्रिका पाहून म्हणाले, "एवढे मार्क आहेत की, सवलत कशाला?" ताईने उत्तर दिलं ते मला पाठ आहे. "साहेब, ही सवलत नाही. उत्तर त्याच्या डोक्यात आहे. ते कागदावर यायला त्याला जास्त वेळ लागतो, एवढंच."

त्या वीस मिनिटांचा विचार करताना मला अधिक महिनाच आठवतो. चंद्राचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांच्या थोडं वर. दर वर्षी अकराएक दिवसांची तूट. ती तशीच साचू दिली तर दिवाळी पावसाळ्यात येईल आणि होळी ऐन थंडीत. पंचांगकर्त्यांनी यावर चंद्राला बोल लावला नाही. तू सूर्याच्या चालीने का चालत नाहीस, मनावर घेतलंस तर जमेल, असं कुणी त्याला सुनावलं नाही. त्याची चाल अंशाअंशाने मोजली, आणि ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो महिना अधिक धरायचा असं ठरवलं. चंद्र चंद्रच राहिला, सूर्य सूर्यच, आणि सण आपापल्या ऋतूत राहिले. परीक्षेतली २० मिनिटं, दाराला लावलेला कागद, फळ्यावरचे चार प्रश्न, तास बदलणार असल्याची आदल्या दिवशी दिलेली सूचना, ही सगळी माझ्या लेखी अधिक महिन्याची रूपं आहेत. हिशेबाने घातलेली, ज्याची त्याला लागतात तेवढी.

मात्र सगळं जगानेच करायचं, मुलाने काही शिकायचं नाही, असंही नाही. लवचीकता शिकवता येते. अमेरिकेत लॉरेन केनवर्दी आणि सहकाऱ्यांनी 'अनस्टक अँड ऑन टार्गेट' नावाचा शाळेत शिकवायचा एक कार्यक्रम तयार केला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिसरी ते पाचवीतली, ऑटिझम असलेली ६७ मुलं त्यात होती. काहींना नेहमीची सामाजिक कौशल्यं शिकवली, काहींना अडकलेल्या विचारातून बाहेर पडण्याच्या युक्त्या. प्लॅन ए फसला तर प्लॅन बी काय? ही गोष्ट खरंच मोठी आहे की लहान? लोकांशी वागण्यातली सुधारणा दोन्ही गटांत सारखी दिसली. पण प्रश्न सोडवणं, वळणं, आखणी करणं यांत दुसऱ्या गटाची मुलं पुढे गेली. त्या कार्यक्रमाचं एक सूत्र मला फार आवडतं. मोठ्यांनी आधी ठरवायचं, हे मूल करत नाही, की त्याला करता येत नाही? दुसरं असेल तर रागावून काही हाती लागत नाही, शिकवावं लागतं.

आमच्या घरातही प्लॅन बी आला. त्याने तो स्वतःच्या भाषेत घेतला. ठरलेलं रद्द झालं की तो आधी डोळे मिटतो, मग म्हणतो, "क्षय." अचानक काही वाढलं की म्हणतो, "वृद्धी." दोन्हींना पंचांगात जागा आहे, म्हणून दोन्ही सोसण्याजोगी आहेत. काही दिवस हेही पुरत नाही आणि तो पडद्यामागे जातो. तेव्हा आम्ही त्याला तिथे राहू देतो.

आता तो दहावीत आहे. नातेवाईक ताईला विचारतात, "मग पुढे हा कोण होणार? शास्त्रज्ञ का?" प्रश्नात माया असते, आणि एक अपेक्षाही असते: एवढं सोसलं त्याचं चीज व्हावं, मोठं नाव निघावं, म्हणजे बाकी सगळं माफ. या अपेक्षेची मला भीती वाटते. त्याच्या स्वास्थ्याचा हक्क त्याच्या प्रज्ञेतून येत नाही. ज्या मुलाला पंचांग वाचता येत नाही, जे बोलत नाही, ज्याच्या आलेखावरचे सगळे ठिपके खाली आहेत, त्या मुलालाही सकाळी न रडता शाळेत जायचा तितकाच हक्क आहे. माझ्या भाच्याची तल्लख बुद्धी ही त्याची स्वतःची गंमत आहे. जगाला द्यायचं भाडं नाही. तो ग्रहगणितात मोठं काम करेल तर मी पेढे वाटेन. नाही केलं तरी पेढ्यांना कारणं पुष्कळ असतील.

सध्या तो एका वेगळ्याच गणितात आहे. २०२६च्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ येतो. दहावी संपलेली असेल, कॉलेज सुरू झालेलं नसेल. त्या दिवसांत त्याला स्वारगेटला बस बदलून एकट्याने माझ्या घरी यायला शिकायचंय. वहीत पायऱ्या लिहून झाल्यात. पहिली बस चुकली तर काय, दुसरी भरलेली असली तर काय, शेजारी कुणी जोरात फोनवर बोलायला लागलं तर काय, फोनची बॅटरी संपली तर कुणाला विचारायचं आणि विचारताना पहिलं वाक्य कोणतं बोलायचं. आम्ही आधी त्याच्या सोबत बसू, मग मागच्या बसमध्ये बसू, मग घरी बसून वाट पाहू. मधल्या स्टॉपवर तो अडकेल, घाबरेल, एखाद्या वेळी परत फिरेल. पुन्हा निघेल. माझं दार वाजवेल तो दिवस माझ्यासाठी कुठल्याही निकालाइतका मोठा असेल, आणि त्या दिवशी तिथी कोणती ते तोच मला सांगेल.